बोस्टन शिकलं आणि विसरलं

१९९० साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये १५२ खून झाले. शहराची वस्ती तेव्हा पावणेसहा लाखांच्या आसपास. पुढची पाच वर्षं चोविशीपर्यंतची सरासरी ४४ मुलं दरवर्षी मारली जात होती, बहुतेक बंदुकीच्या गोळीने. रॉक्सबरी, डॉर्चेस्टर, मॅटापॅन या भागांत तर आई-बाप संध्याकाळनंतर मुलांना दाराबाहेर सोडायला धजावत नसत.

तेव्हा हार्वर्डच्या डेव्हिड केनेडी, अँथनी ब्रागा आणि अ‍ॅन पील या तिघांनी एक साधं काम केलं. टोळ्यांवर नजर ठेवणारे पोलीस, प्रोबेशन अधिकारी आणि वस्तीत फिरणारे कार्यकर्ते यांना नकाशासमोर बसवलं आणि एकेक खून समोर ठेवून विचारलं: कोणी मारलं, का मारलं, कोणाचं कोणाशी वैर? त्यातून जे निघालं त्याने गुन्हेशास्त्राची एक शाखाच बदलली. ६१ टोळ्या, त्यांत साधारण १३०० पोरं. शहरातल्या त्यांच्या वयाच्या मुलांत ती एक टक्काही नव्हती. पण तरुणांच्या किमान ६० टक्के खुनांशी त्यांचा संबंध होता. बहुतेक खून कुठल्या मोठ्या धंद्यापायी झालेले नव्हते. जुनी भांडणं, अपमान, मागच्या खुनाचा बदला अशीच कारणं होती. आज मरणारा काल मारणाऱ्यांपैकी असायचा आणि दोघांचीही नावं बहुधा कोर्टाच्या दप्तरात आधीपासून असायची.

बीटवरच्या पोलिसाला यातलं फारसं काही नवीन नव्हतं. नावं त्याला तोंडपाठ होती. त्या माहितीचं करायचं काय, हे मात्र कोणी ठरवलेलं नव्हतं.

१९९६ मध्ये ‘ऑपरेशन सीझफायर’ सुरू झालं. प्रोबेशनवर असलेल्या टोळीवाल्यांना बैठकीला बोलावलं गेलं. समोर पोलीस, सरकारी वकील, केंद्रीय तपास यंत्रणांचे अधिकारी, आणि त्यांच्याच रांगेत वस्तीतले कार्यकर्ते आणि कृष्णवर्णीय चर्चचे पाद्री. निरोप रोखठोक होता. तुमच्यापैकी एकाने जरी गोळी घालून कोणाला मारलं, तर अख्ख्या टोळीच्या मागे लागू. रस्त्यावरचा गर्दचा धंदा, उघड्यावरची दारू, थकलेलं वॉरंट, प्रोबेशनच्या मोडलेल्या अटी, काहीही सोडणार नाही. गोळीबार थांबवलात तर इतका ससेमिरा लावायचं आम्हाला कारण नाही. आणि ज्याला यातून बाहेर पडायचंय त्याच्यासाठी शिक्षणाची, कामाची सोय आहे. आपल्याकडे तडीपारीत गुंडाला हद्दीबाहेर घालवतात. बोस्टनने त्याला समोर बसवून काय होणार ते आधी सांगितलं आणि मग सांगितल्याप्रमाणे केलं.

या वयोगटातले खून १९९६ मध्ये २६ झाले, १९९७ मध्ये १५. नंतरच्या मूल्यमापनात दरमहा होणारे तरुणांचे खून ६३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्या दशकात देशभरातच खून कमी होत होते, तेव्हा सगळं श्रेय एका योजनेला कसं द्यायचं, असा आक्षेप आला आणि तो रास्त होता. ब्रागा यांच्या गटाने इतर शहरांशी तुलना करून बोस्टनची घट वेगळी असल्याचं दाखवलं. पुढे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये याच धर्तीवर काम झालं. त्याच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अधिक काटेकोर मूल्यमापनात बंदुकीने होणारे खून ३१ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. ६३ हा आकडा भाषणात छान दिसतो, पण विश्वास ठेवायचा तर ३१ वर ठेवावा.

बोस्टनचा अनुभव समोर असताना न्यूयॉर्कने दुसरी वाट धरली. रस्त्यात अडवायचं, विचारपूस करायची, अंगझडती घ्यायची. २०११ या एका वर्षात तिथल्या पोलिसांनी ६ लाख ८५ हजारांहून अधिक वेळा लोकांना असं अडवलं. दहातल्या जवळपास नऊ वेळा ना अटक झाली ना दंड. अडवलेल्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो यांचं प्रमाणही तितकंच होतं. बंदूक सापडली हजारात एखादी. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ज्या पद्धतीने हे चाललं होतं ती घटनाबाह्य ठरवली. महापौर ब्लूमबर्ग यांनी लोकांचे जीव जातील असा इशारा दिला. २०१५ पर्यंत अशी अडवणूक वर्षाला पंचवीस हजारांच्या खाली आली. खून मात्र २०११ मधल्या ५१५ वरून २०१७ मध्ये २९२ वर उतरले.

म्हणजे झडतीचा उपयोगच नाही का? तसंही नाही, आणि ही अडचणीची गोष्ट पोलिसांवर टीका करणाऱ्यांनी टाळू नये. १९९२-९३ मध्ये मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी १४४ क्रमांकाच्या एका बीटवर प्रयोग केला. आठ बाय दहा ब्लॉकचा छोटा तुकडा, आणि तिथला खुनांचा दर देशाच्या सरासरीच्या वीसपट. रात्री गस्तीला जादा गाड्या दिल्या आणि त्यांना बेकायदा बंदुका शोधण्याचं एकच काम दिलं. २९ आठवड्यांत जप्त बंदुका ६५ टक्क्यांनी वाढल्या, बंदुकीचे गुन्हे ४९ टक्क्यांनी घटले. शेजारच्या भागांत ते सरकल्याचंही दिसलं नाही. पण इलाका ठरलेला होता, मुदत ठरलेली होती. न्यूयॉर्कने झडती तेवढी उचलली आणि मर्यादा सोडून दिली.

शिकागोने संगणकावर भिस्त ठेवली. कोण गोळी घालेल किंवा खाईल याची यादी बनवली. २०१६ मध्ये रँड संस्थेने तपासलं, तर यादीमुळे गोळीबार कमी झालाच नव्हता. यादीतल्या लोकांना अटक होण्याची शक्यता तेवढी वाढली होती. यादीचं करायचं काय, हे अधिकाऱ्यांना धड सांगितलेलंच नव्हतं. काही वर्षांनी ती गुंडाळली.

बोस्टनची पुढची गोष्ट शिकागोपेक्षा जास्त चटका लावणारी आहे. शिकागोला जमलंच नव्हतं. बोस्टनला जमलं होतं. २००० च्या सुमारास ज्या अधिकाऱ्यांनी ही घडी बसवली ते दुसऱ्या कामांवर गेले, बैठका बंद पडल्या, श्रेयावरून कुरबुरी झाल्या. १९९९ मध्ये शहरात ३१ खून झाले होते. २००५ पर्यंत ते दुपटीच्या वर गेले. २००७ मध्ये नवे पोलीस आयुक्त एडवर्ड डेव्हिस यांनी जुनी पद्धत परत आणली. तोवरचे मृत्यू अज्ञानामुळे झाले असं कोणी म्हणू शकत नाही. उत्तर त्याच इमारतीतल्या फायलींमध्ये पडून होतं.

शहरांचा पैसा या काळात सरळ तपासाकडे फारसा वळला नाही, आणि खरी चूक इथेच होते आहे. फिलिप कुक आणि ब्रागा यांनी बोस्टनच्याच नोंदी चाळल्या. गोळीने माणूस मेला तर ४३ टक्के प्रकरणांत आरोपी सापडला. माणूस वाचला तर १९ टक्क्यांतच. आता माणूस मरतो की वाचतो, यात नेमबाजाचा हेतू फारसा वेगळा नसतो. दुसऱ्या एका अभ्यासात याच दोघांनी दाखवलं की बोस्टनमधल्या सगळ्या बंदुका छोट्या कॅलिबरच्या असत्या, तर खून जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाले असते. म्हणजे गोळी किती मोठी आणि कुठे लागली यावर फाइलचं भवितव्य ठरतं. पहिल्या दोन दिवसांत दोन्ही प्रकारच्या प्रकरणांत सारखंच यश येतं. फरक पडतो त्यानंतर, कारण खुनाचा तपास चालू राहतो, साक्षीदारांकडे पुन्हा जाणं होतं, प्रयोगशाळेचा पाठपुरावा होतो. जखमी वाचला की तपास थंडावतो.

वाचलेला पोरगा आणि त्याचे मित्र मग हिशेब आपल्या हाताने चुकता करायला निघतात. सीझफायरच्या बैठकीत जो बदला थांबवायचा असतो त्याची सुरुवात अशी पोलीस ठाण्यातच होते. कोलोराडोतल्या डेन्व्हरने २०२० मध्ये जीव न गेलेल्या गोळीबारांसाठी स्वतंत्र तपास पथक नेमलं, खुनाच्या तपासासारखीच शिस्त लावली, आणि गुन्हे उघडकीस येण्याचं प्रमाण बरंच वाढलं. त्यासाठी ना नवा कायदा लागला, ना बंदुकांवरचा राजकीय वाद मिटायची वाट पाहावी लागली.