दुरुस्ती उगमाशी हवी

लोणावळ्याच्या 'दऱ्या' आणि कोकणचा 'दर्या' यांतील अंतर संगणकाच्या लेखी कधीकधी एका अदृश्य जोडचिन्हाएवढेच असते. मराठीतील हा अर्धा 'र' दोन प्रकारे टंकित होतो. त्यांपैकी एका प्रकारात ते चिन्ह लागते. एखाद्या प्रणालीने ते गाळले की वडगाव मावळच्या कचेरीतील कागदावरही दऱ्यांचा दर्या होऊ शकतो. चूक क्षुल्लक वाटेल. परंतु ती दुरुस्त कोणी करावयाची आणि ती दुरुस्ती सर्वांपर्यंत कोणत्या वाटेने पोचावयाची, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

मुक्त प्रणालींचा संसार अनेक भांडारांत विभागलेला असतो. २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली आलेल्या 'लोहित' टंकांची देखभाल पुण्यातील अभियंत्यांनी केली. अक्षरे जुळविणारा 'हार्फबझ' निराळ्या हाती. आणि हे सारे एकत्र बांधून देणारे डेबियन, फेडोरा आणखी निराळे. वितरकाने केवळ आपली प्रत सुधारली, तर मूळ भांडाराची नवी आवृत्ती येताच तेच ठिगळ पुन्हा लावावे लागते. इंद्रायणी कुरवंड्याला उगम पावून देहूवरून आळंदीला जाते. आळंदीत गाळलेले पाणी देहूला मिळत नाही. यास्तव दुरुस्ती प्रथम उगमाकडे धाडावी, हा या क्षेत्रातील संकेत होय.

लिनक्सच्या गाभ्यात हा संकेत काटेकोरपणे पाळला जातो. दुरुस्ती आधी त्या त्या विभागाच्या देखभालकर्त्याकडे जाते, मग सामायिक चाचणी-शाखेत व अखेर लिनस टॉरवाल्ड्स यांच्या मुख्य भांडारात. जुन्या स्थिर आवृत्त्यांत ती उतरते ती सामान्यतः मुख्य भांडारात आल्यावरच. २००४ पासून ती पुढे धाडणारा प्रत्येक जण आपली स्वाक्षरी जोडतो. कचेरीतील टिपणीसारखाच हा प्रवास; फरक एवढाच की येथे नकाराची कारणेही उघड्यावर नोंदली जातात.

तथापि स्वाक्षरी म्हणजे विश्वास, आणि विश्वासाचाही गैरफायदा घेता येतो. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेले 'एक्सझेड' प्रकरण याची साक्ष देते. एका थकलेल्या स्वयंसेवकाला मदत करण्याच्या मिषाने कुणा अज्ञाताने दोनएक वर्षांत त्याचा विश्वास संपादन केला व प्रणालीत चोरदार ठेवले. त्यातील कळीचा भाग खुल्या भांडारात नव्हताच. तो फक्त वितरणाच्या गठ्ठ्यात होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागल्याचे खटकले, म्हणून बहुतेक स्थिर वितरणे वाचली.

अर्थशास्त्राच्या भाषेत ही सार्वजनिक वस्तू आहे: लाभ सर्वांचा, देखभालीचा भार मात्र मोजक्यांच्या माथी. जर्मनीने २०२२ मध्ये अशा देखभालीसाठी सरकारी निधी उभारला. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. परंतु प्राधान्य म्हणजे पोषण नव्हे. जगाच्या उपयोगाच्या कामावर महाराष्ट्राने खर्च का करावा, असा आक्षेप येईल. वस्तुतः स्वतंत्र सरकारी प्रत सांभाळणेच अधिक खर्चाचे. कारण तिची ठिगळे दर आवृत्तीला नव्याने शिवावी लागतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा देण्यास मान्यता दिली. त्या दर्जाला व्यवहारात अर्थ यावयाचा असेल, तर राज्य मराठी विकास संस्थेने मूळ भांडारांतच काम करणारे पगारी देखभालकर्ते नेमावेत. गौरवाचे समारंभ पुष्कळ होतील. 'दऱ्या' हा शब्द 'दऱ्या'च राहील याची हमी मात्र कोणीतरी रोज, उगमाशी बसून घ्यावी लागते.