वाफेची लस का मागे पडली? पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या लेकरांनी जगाला दिलेलं उत्तर

शिरूर/दौंड : उसाचा हंगाम सुरू झाला की भीमा आणि घोड नदीकाठच्या गावांत बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या येतात. कोप्या पडतात, बैलं बांधली जातात आणि सोबत वर्ष-दीड वर्षाची लेकरंही असतात. मागं एकदा आमच्याच वावरात तोड चालू असताना आशाताई चौकशीला आल्या. एका बाईजवळ दहा महिन्यांचं पोरगं होतं. लसीचं कार्ड गावी राहिलेलं, नवव्या महिन्याची गोवराची सुई टोचली की नाही हे तिला सांगता येईना. लसीकरणाचं सत्र गुरुवारी होतं आणि टोळी बुधवारीच दुसऱ्या फडात गेली.

हे आता आठवायचं कारण म्हणजे २०२६ पर्यंत देशातून गोवर आणि रुबेला हद्दपार करायचं उद्दिष्ट केंद्र सरकारनं ठेवलंय. त्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये मोहीमही सुरू झाली. त्या वेळी सरकारनं सांगितलेल्या आकड्यांनुसार पहिला डोस ९३.७ टक्के आणि दुसरा ९२.२ टक्के मुलांना मिळालाय. ऐकायला भारी वाटतं. पण गोवर रोखायला शंभरातली ९५ पोरं दोन्ही डोस घेतलेली लागतात. कारण या रोगाइतका पसरणारा रोग दुसरा क्वचितच सापडेल. लस नसलेल्या वस्तीत एक रुग्ण १२ ते १८ जणांना गोवर देऊ शकतो, आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात काय झालं ते आपण बातम्यांत पाहिलं. लेकरं दगावली, भिवंडी-मालेगावातही रुग्ण निघाले.

आता गावात नेहमी एक प्रश्न निघतो. पोलिओचे दोन थेंब तोंडात टाकले की झालं, मग गोवरालाच सुई कशाला? पोरगं रडतं, ताप येतो, आई कामावर जाऊ शकत नाही. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही तो विचारला होता, आणि त्याचं उत्तर शोधायला संशोधक आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत आले होते.

कल्पना अशी की दम्याच्या पेशंटला मशीननं वाफ देतात तसाच लसीचा बारीक तुषार करायचा आणि तोंडा-नाकावर मास्क लावून लेकराला श्वासातून द्यायचा. सुई नाही, वापरलेल्या सुयांचा कचरा नाही, टोचणाऱ्या हाताची गरज कमी. मेक्सिकोत १९८० च्या दशकाच्या शेवटी लाखो मुलांना अशी लस दिली होती. पण नऊ महिन्यांच्या बाळाला, पहिल्याच डोसाला ती सुईइतकी लागू पडते का, हे पक्कं ठरायचं होतं.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरनं हे काम केलं, डॉ. आशिष बावडेकर त्यातले प्रमुख संशोधक. या संस्थेचं नाव शिरूरकरांना नवं नाही, १९७० च्या दशकापासून डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकारानं वढू बुद्रुकला तिचं ग्रामीण आरोग्याचं काम उभं राहिलं. चाचणीतली लसही पुण्याचीच, सीरम इन्स्टिट्यूटची. नऊ ते बारा महिन्यांच्या आतली २,००४ मुलं घेतली. कुणाला वाफ आणि कुणाला सुई हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. १,००१ मुलांना वाफ आली, १,००३ मुलांना सुई. ९१ दिवसांनी रक्त घेऊन गोवराविरुद्धची ताकद तयार झाली का ते बघितलं.

एप्रिल २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात निकाल आला. सुईच्या गटात ९४.७ टक्के मुलांच्या रक्तात ती ताकद दिसली, वाफेच्या गटात ८५.४ टक्के. दोन्ही गटांत त्रासाचं प्रमाण साधारण सारखंच होतं. फरक ५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर वाफेची लस सुईच्या बरोबरीची धरायची नाही, हे आधीच ठरलेलं होतं. फरक ९.३ निघाला.

नऊ टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण उगवलेलं बी मोजण्याऐवजी न उगवलेलं मोजा. सुईच्या गटात तपासलेल्या ७८५ मुलांत ४२ रिकामी राहिली. वाफेच्या गटात ७७५ मुलांत ११३. म्हणजे गोवराला मोकळी राहिलेली लेकरं जवळजवळ पावणेतीन पट. ज्या रोगाला शंभरातली पाच-सात पोरं पुरतात, तिथं हा हिशेब परवडत नाही.

एक गोष्ट याच अहवालात मोकळेपणानं लिहिलीय, तीही सांगतो. ३३१ मुलांच्या रक्ताचे नमुने वितळून वाया गेले. दुधाचा बल्क कूलर बंद पडल्यावर काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. तेव्हा शीतसाखळी हा शब्द कागदावरचा नाही. गोवर-रुबेलाची बाटली एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकावी लागते. नर्सबाई 'गुरुवारीच या' म्हणतात त्याचं एक कारण हेही आहे. आपण उगाच चिडतो.

माझ्या मते ही चाचणी फसली नाही, लस मागे पडली. सोपी वाट आहे का हे विचारलं, आणि लहान बाळांसाठी ती वाट कमी पडते हे आपल्याच भागातल्या लेकरांमुळं कळलं. ती मुलं कुठल्याही गटात असली तरी २०१८ च्या शेवटी शाळाशाळांतून झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेच्या वयात बसत होती, कारण ती पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांसाठी होती. तेव्हाही व्हॉट्सॲपवर अफवा फिरल्याच होत्या.

एक तक्रार मात्र आहे. असे निकाल इंग्रजी मासिकात छापून येतात. ज्या आयांनी पोर मांडीवर धरून रक्त काढू दिलं, त्यांच्या ग्रामसभेत तो निकाल मराठीत वाचून दाखवायला अर्धा तास लागतो. पुढं कुठलीही चाचणी आपल्या गावात आली तर सही करतानाच विचारा, निकाल आम्हाला कधी सांगणार?

आणि सुई हाच रस्ता असेल, तर लेकरू सुईपर्यंत पोचलं पाहिजे. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात तो देतात, फुकट, गाव कुठलंही असो. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. ज्यांच्या वावरात यंदा टोळी उतरेल, सणसवाडी-रांजणगावकडं ज्यांच्या खोल्यांत परराज्यातली कामगार कुटुंबं राहतात, त्यांनी उचल नाहीतर भाडं ठरवताना एवढंच विचारावं, दोन वर्षांच्या आतलं लेकरू आहे का? असेल तर त्याच दिवशी आशाताईंना फोन करा. गुरुवारची वाट बघू नका, टोळी बुधवारी हलते.