शिक्षकांच्या 50 तासांच्या ट्रेनिंगमध्ये त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मोजायचा की नाही?

बोरिवली स्टेशनवरून गोराई गावात जायचं तर आधी बस किंवा रिक्षाने जेट्टी गाठायची, मग बोटीने मनोरी खाडी ओलांडायची. खाडी नको असेल तर भाईंदर-उत्तनचा भलामोठा वळसा. पत्ता मुंबई महापालिकेचाच, पण इथे शिकवणाऱ्या शिक्षकाचं प्रशिक्षण दादर-परळकडे लागलं, की निम्मा दिवस प्रवासातच जाणार.

म्हणजे शिक्षकांचं ट्रेनिंग ऑनलाइन झाल्याचा सगळ्यात जास्त फायदा अशाच ठिकाणी व्हायला हवा. प्रवास नक्कीच वाचला. पण शिकण्याचं काय?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. 5 सप्टेंबर 2017 ला केंद्र सरकारचं 'दीक्षा' हे पोर्टल सुरू झालं. 21 ऑगस्ट 2019 ला 'निष्ठा' आलं. 42 लाख शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं, असं त्याचं टार्गेट होतं. सुरुवातीला हे प्रत्यक्ष वर्गात होत होतं. मग कोरोना आला आणि ऑक्टोबर 2020 पासून तेच 18 मॉड्यूल्समध्ये 'दीक्षा'वर गेलं. मधल्या काळात नवं शिक्षण धोरण आलं. त्यात म्हटलंय की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, आणि तेही स्वतःच्या आवडीप्रमाणे. दिवसाला सहा तास धरले तर हे आठ दिवसांहून जास्त होतात.

गोम या 'आवडीप्रमाणे' शब्दात आहे. ऑनलाइन कोर्सचा साचा ठरलेला असतो. व्हिडिओ बघा, मजकूर वाचा, प्रश्न सोडवा, सर्टिफिकेट डाउनलोड करा. यूट्यूबवर 'निष्ठा मॉड्यूल उत्तरे' असं शोधलं तर तयार उत्तरांचे व्हिडिओ सापडतात. यावरून शिक्षक कामचुकार आहेत असं म्हणणं सोपं आहे. पण शाळा, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं आणि वर सर्टिफिकेटची शेवटची तारीख, असं सगळं एकत्र आलं की माणूस शॉर्टकट शोधणारच. त्यातून कोर्स केल्यावर वर्गात नेमकं काय बदललं, हे त्या सर्टिफिकेटवरून कळतही नाही.

आता दुसरी बाजू. 22 जून 2015 ला राज्य सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा जीआर काढला. त्या काळात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा चर्चेत होत्या. फरशीवर आखलेले तक्ते, खडे, काड्यांचे गठ्ठे, गटात बसून स्वतःच शिकणारी मुलं. राज्यभरातून शिक्षक हे बघायला गेले. पण एका शाळेत मावून मावून किती माणसं मावणार? पुढचं काम मोबाइलने केलं. फोटो, व्हिडिओ, 'आमच्याकडे हे जमलं, हे नाही जमलं' असं सगळं शिक्षकांच्या ग्रुपवर फिरू लागलं. त्यासाठी कुणाला सर्टिफिकेट मिळत नव्हतं.

रणजितसिंह डिसले गुरुजींचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. 3 डिसेंबर 2020 ला त्यांना 10 लाख डॉलर्सचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. बातम्या या रकमेच्या झाल्या. एका खेड्यातल्या शाळेतली गोष्ट दुसऱ्या शिक्षकांच्या हातात कशी पोहोचली, यावर मात्र फार कुणी बोललं नाही.

मुंबईत याची गरज वेगळीच आहे. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. तमिळ माध्यमात गणित शिकवणाऱ्या शिक्षकाला शेजारच्या शाळेत आपल्याच भाषेत तोच विषय शिकवणारं कुणी सापडेल, याची खात्री नाही. त्याची स्टाफरूम मोबाइलमध्येच असू शकते.

मग व्हॉट्सअ‍ॅप हेच उत्तर आहे का? तसंही नाही. आधी 256, मग 512 आणि 2022 च्या अखेरीस 1024 माणसांपर्यंत ग्रुपची मर्यादा वाढली, पण माणसं वाढली म्हणून चर्चा वाढतेच असं नाही. एखाद्याने अपूर्णांक शिकवण्याची झकास युक्ती टाकली, तरी संध्याकाळपर्यंत ती गुड मॉर्निंग, वाढदिवस आणि 'माहिती आजच भरा'च्या मेसेजखाली गाडली जाते. शिवाय ज्या ग्रुपमध्ये साहेब असतात, तिथे 'मला हे शिकवायला जमत नाही' असं लिहायला जिगर लागते.

यावर एक प्रयोग देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने केला. एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्ससोबतच्या त्यांच्या 'क्लिक्स' या उपक्रमात राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगणातल्या हायस्कूल शिक्षकांसाठी कोर्सच्या जोडीला मोबाइलवर चॅट ग्रुप ठेवले होते. शिकवताना अडलं की तिथे विचारायचं. म्हणजे कोर्स संपला तरी बोलणं सुरू. महाराष्ट्रात याचं जवळचं रूप म्हणजे केंद्रावर भरणारी शिक्षण परिषद, जिथे आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसतात. तिथे सुरू झालेली चर्चा पुढे ग्रुपवर चालली आणि ती 50 तासांत धरली, तर वेगळं पोर्टलही लागणार नाही. अडचण मोजणीची आहे. सर्टिफिकेट मोजता येतं. 'तुमची युक्ती वापरली, माझ्या वर्गात नाही चालली' या मेसेजचे तास किती धरायचे?

त्यात शिक्षकांच्या वेळेवर आणखी एक हक्कदार आलाय. 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक आहे, त्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल. म्हणजे वीस वर्षं शिकवलेले शिक्षकही आता परीक्षेची पुस्तकं उघडणार. अपूर्णांकाच्या युक्तीला ग्रुपवर आता टीईटीच्या सराव प्रश्नांशी स्पर्धा करावी लागेल.