सर्व्हरचं कोटेशन मागवण्याआधी फोल्डरचा रस्ता तपासा



महापे, रबाळे, तुर्भे, सगळीकडून एकच प्रश्न येतो. "सर, ऑफिसातला शेअर फोल्डर उघडायला दहा-बारा सेकंद लागतात. आयटीवाला म्हणतो सर्व्हर जुना झालाय, बदला. बदलू का?"

माझं मत सरळ आहे. खाली सांगतो त्या चाचण्या झाल्याशिवाय कोटेशनवर सही करू नका. पण "चालतंय की" म्हणून सोडूनही देऊ नका. आठ माणसं, प्रत्येकजण दिवसाला ४० वेळा फोल्डर उघडतो, दर वेळी १० सेकंद धरा. ३,२०० सेकंद झाले, म्हणजे रोजची ५३ मिनिटं. पगार तुम्हीच देताय.

आता पाथ म्हणजे काय, हे नवी मुंबईकरांना समजावणं सोपं आहे. सेक्टर १५ वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे, बेलापूरलाही आहे. रिक्षावाल्याला नुसतं "सेक्टर १५" सांगून चालत नाही. आधी नोड, मग सेक्टर, मग प्लॉट. सर्व्हरही तसाच चालतो: आधी मशीनचं नाव, मग शेअर, मग एकेक फोल्डर. यातला कुठला टप्पा अडतोय ते शोधायचं, बस.

पहिली चाचणी. सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता टाकून तोच फोल्डर उघडा. झटकन उघडला तर सर्व्हर ठणठणीत आहे, वेळ जातोय नाव शोधण्यात. छोट्या ऑफिसात हे फार दिसतं. कॉम्प्युटरला डीएनएस मिळतो इंटरनेटच्या राउटरकडून, आणि त्या राउटरला तुमच्या सर्व्हरचं नाव ठाऊकच नसतं. मग विंडोज अख्ख्या नेटवर्कवर हाका मारत बसतं. डीएनएसचं सेटिंग नीट करणं हे थोड्या वेळाचं काम आहे, त्याला नवा सर्व्हर लागत नाही. (शॉर्टकटमध्ये कायमचा आयपी टाकणं हा उपाय नव्हे. उद्या आयपी बदलला की सगळ्यांचे शॉर्टकट एकदम बंद.) जुन्या, बंद पडलेल्या सर्व्हरचे लाल फुलीवाले ड्राइव्ह राहिले असतील तर तेही काढा, त्यांची वाट बघण्यातही एक्सप्लोरर अडकतो.

दुसरी चाचणी. प्रत्यक्ष सर्व्हरसमोर बसा आणि तोच फोल्डर उघडा. तिथे फास्ट, टेबलावर स्लो? मग केबल, स्विच, वायफाय बघा. तिथेही स्लो असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फोल्डरची यादी काढा. यादी पटकन आली पण एक्सप्लोररची खिडकी रेंगाळली, तर एक्सप्लोरर प्रत्येक फाइलचं चित्र नि माहिती काढतोय किंवा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल हुंगतोय. मोजताना सकाळचं पहिलं उघडणं मोजा. दुसऱ्यांदा माहिती मेमरीतून येते आणि सगळंच फास्ट वाटतं.

यादीच हळू आली तर मात्र दोष बहुतेक फोल्डरचा, म्हणजे आपल्या सवयीचा. सगळी इनव्हॉइस वर्षानुवर्षं एकाच फोल्डरमध्ये, आणि प्रत्येकाचं नाव "INVOICE"ने सुरू. विंडोज जुन्या डॉसच्या सोयीसाठी प्रत्येक फाइलला आठ अक्षरांचं एक छोटं नावही देऊ शकतं. सुरुवात सारखीच असेल तर वेगळं छोटं नाव शोधताना त्याची दमछाक होते. फोल्डरमध्ये तीन लाखांच्या वर फाइली असतील तर ही सोय बंद करा, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं.

आणि एनएएसचा डबा वापरत असाल तर हे नक्की वाचा. अशा बऱ्याच डब्यांत आत लिनक्स आणि सांबा असतं. लिनक्सला कॅपिटल-स्मॉलचा फरक कळतो, विंडोजला तो चालत नाही. त्यामुळे एखादं नाव जसंच्या तसं सापडलं नाही, की सांबाला फोल्डरमधली सगळी नावं चाळावी लागतात. म्हणजे जी फाइल नाहीच, तिचा शोध सगळ्यात महाग! आणि विंडोज अशा नसलेल्या फाइली सतत मागत असतं.

म्हणून माझा आग्रह आहे की फोल्डरची रचना मालकाने ठरवावी, आयटीवाल्याने नाही. वर्ष, मग महिना किंवा ग्राहक, मग काम. तीन-चार पायऱ्या पुरे. विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा विंडोज सर्व्हर २०१६ पासून सेटिंग बदलून वाढवता येते, पण बरीच जुनी सॉफ्टवेअर अजून तिथेच अडकतात. मराठीत नावं जरूर द्या, फक्त छोटी. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं.

काहीजण म्हणतील, "सर, सरळ क्लाउडवर टाकू ना." टाका. पण वनड्राइव्हलाही पूर्ण पाथसाठी ४०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि इथला पसारा तिथे आपोआप आवरला जात नाही.

चाचण्यांचे आकडे एका कागदावर लिहा: नावाने किती सेकंद, आयपीने किती, सर्व्हरवर बसून किती. तो कागद आयटीवाल्यासमोर ठेवा आणि विचारा, नवा सर्व्हर यातला नेमका कुठला आकडा कमी करणार?