अठ्ठावीस मिलिमीटरचे शिपाई आणि आपली प्रयोगवही



'याचा परीक्षेला उपयोग काय?' हा प्रश्न तुम्ही घरी अनेकदा ऐकला असेल. पतंग करावयास बसलात किंवा पोस्टाची तिकिटे वहीत चिकटवावयास घेतलीत, की कोणीतरी तो विचारतेच. गेल्या वर्षभरात मलाही तो पुष्कळांनी विचारला. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, आणि वर्षभर बहुतेक रविवारी मी अंगठ्याच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे शिपाई रंगवत होतो.

माझे मत प्रथमच सांगून टाकतो. हाताने करावयाचा, सावकाश चालणारा आणि ज्याला कोणीही गुण देत नाही असा एक तरी छंद तुमच्याजवळ असलाच पाहिजे. दहावीच्या वर्षातही तो बंद पडता कामा नये. कारण डोळे उघडे ठेवून पाहण्याची जी सवय तेथे लागते, ती आपल्या प्रयोगशाळांत आज फारशी लागत नाही. असे मी का म्हणतो ते आता पाहू.

हा छंद मूळचा युरोपातला. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन खेळावयाचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरात आला. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ शिपाई बाजारात आणले. पोकळ असल्याने धातू कमी लागे आणि किंमतही कमी पडे. अशाच खेळण्यांतल्या शिपायांसाठी एच. जी. वेल्स या विज्ञानकथाकाराने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे नियमांचे पुस्तक लिहिले. आज या छंदाचे एक मोठे केंद्र इंग्लंडमधील नॉटिंगहॅम हे शहर आहे. तेथील गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली, आणि तिचा 'वॉरहॅमर' हा खेळ १९८३ मध्ये निघाला. खेळाडू टेबलावर टेकड्या, घरे, झाडे मांडतात, पट्टीने अंतर मोजून शिपाई पुढे सरकवतात आणि फासे टाकून निकाल ठरवतात. शिपाई मात्र बहुधा न रंगवलेले आणि सुट्या भागांत मिळतात. ते जोडून रंगवणे हे ज्याचे त्याचे काम. काही जण तर खेळतच नाहीत, नुसते रंगवतात. मी त्यांच्यापैकीच एक.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने इंग्लंडहून येताना १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईतील ब्रिटिश पायदळाचा एक खोका आणून दिला. त्यात ३६ शिपाई होते, प्रत्येकी सुमारे २८ मिलिमीटर उंचीचे. माणसाची उंची १.७ मीटर धरली तर हे प्रमाण साधारण १:६० पडते. या एका साठाने मला वर्षभर विचार करावयास लावले. माणूस साठपट लहान केला, की त्याच्याबरोबर कोणकोणत्या गोष्टी लहान होतात आणि कोणत्या होत नाहीत?

गुरुत्वाकर्षणापासून सुरुवात करू. टेबलाची उंची ७५ सेंटिमीटर. शिपायाच्या मापाने ती ४५ मीटर, म्हणजे जवळजवळ पंधरा मजली इमारत! पण शिपाई खाली पडला तरी बहुधा धडधाकट राहतो. त्याच्यासाठी इमारत उंच झाली, तरी पृथ्वीला त्याचे प्रमाण ठाऊक नसते. तो जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला चार मीटरहूनही कमी असतो. खरोखर ४५ मीटरवरून पडला असता तर हा वेग सुमारे ३० मीटर झाला असता. बंदुकीची नळी मात्र हाताळताना मोडू शकते. नळी साठपट बारीक झाली, आपली बोटे होती तेवढीच राहिली. म्हणूनच शिल्पकार या शिपायांची शस्त्रे मापापेक्षा जाड घडवतात.

आता दृष्टीचे पाहू. शिपाई डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरला, तर तो १८ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाएवढा दिसतो. निरोगी डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. १८ मीटरवर हे अंतर सुमारे ५ मिलिमीटर होते, आणि ३० सेंटिमीटरवर मिलिमीटरच्या एक दशांशाहूनही किंचित कमी. म्हणजे कोटाचे बटण ठिपक्यासारखे दिसेल, बुबुळ कसेबसे कळेल, पापणीचे केस मुळीच दिसणार नाहीत. काय रंगवावे आणि काय सोडून द्यावे, हे असे गणिताने ठरते. पुढच्या वेळी मैदानावर १८ मीटर अंतरावर मित्राला उभे करा आणि त्याच्या चेहऱ्यावर नेमके काय दिसते ते कागदावर लिहा. आपल्याला 'दिसते' असे वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी आपण केवळ ठाऊक आहेत म्हणून गृहीत धरतो, हे तुमच्या ध्यानात येईल.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. हा छंद करणारे एकमेकांना सांगतात, की लहान पुतळीवर छाया फिकट पडते, कारण 'प्रकाश लहान होत नाही'. म्हणून कोटाच्या चुण्यांत गडद रंग आणि उंचवट्यांवर फिका रंग मुद्दाम द्यावा लागतो. सल्ला उत्तम आहे. पण कारण? प्रकाश सरळ रेषेत जातो. पुतळी, दिवा आणि त्यांच्यातील अंतर सारे सारख्याच प्रमाणात लहान केले, तर छायेचा आकार आणि गडदपणा बदलावयास नको. तेव्हा दोष पुतळीच्या लहानपणाचा की दिव्याचा?

हे पाहणे अगदी सोपे आहे. आपली ट्यूबलाइट १.२ मीटर लांब असते. शिपायाच्या मापाने ती ७२ मीटर लांबीची होते! दोन मीटरवर टांगलेली ट्यूब शिपायाकडून पाहिली तर सुमारे ३३ अंशांचा कोन व्यापते. सूर्य केवळ अर्धा अंश व्यापतो. शिवाय भिंती आणि छत यांवरून परावर्तित झालेला प्रकाश छायेत शिरतो. आता खोलीत पूर्ण अंधार करा आणि ज्याची प्रकाशणारी बाजू सुमारे ५ मिलिमीटर रुंद आहे असा लहान दिवा पुतळीपासून ५७ सेंटिमीटर अंतरावर, वरच्या बाजूला धरा. त्याचा कोन बरोबर सूर्याएवढा, अर्धा अंश होतो. मी करड्या प्रायमरचा, न रंगवलेला शिपाई असा धरला, तेव्हा टोपीची छाया चेहऱ्यावर कापल्यासारखी स्वच्छ पडली. दोष पुतळीच्या उंचीचा नव्हता, खोलीतील पसरट प्रकाशाचा होता.

हे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेले नव्हते. शंका आली, साधन हाताशी होते, पाच मिनिटांत निकाल लागला. विज्ञान म्हणतात ते याहून वेगळे काही नाही.

पाणीही प्रमाण जाणत नाही. कोरडा ब्रश विस्कटलेला असतो, ओला केला की त्याचे केस एकत्र येऊन अणकुचीदार टोक होते. पृष्ठताणाची व्याख्या पाठ असलेल्या किती जणांनी हे कधी निरखून पाहिले आहे? पातळ केलेला गडद रंग पुतळीवर सोडला, तर तो आपोआप चुण्यांत आणि खाचांत जाऊन बसतो. तेथे केशाकर्षण आपले काम करते. दाट रंगाचा एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर दिला, तर खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर ६ मिलिमीटर जाडीचा गिलावा दिल्यासारखे होते, आणि नाकडोळे बुजतात. म्हणून दोन पातळ हात द्यावयाचे, पहिला पुरता वाळू द्यावयाचा. येथे घाई चालत नाही.

मी प्रत्येक शिपायाला लागलेला वेळ वहीत टिपून ठेवला. पहिल्याला पाच तास लागले, दहाव्याला तीन. विद्यार्थ्यांना काढावयास सांगतो तसा आलेखही काढला. रेषा खालीच उतरत जाईल असे कोणालाही वाटेल. पण विसाव्या शिपायानंतर ती पुन्हा वर चढू लागली. हात सराईत झाला होता, पण डोळा त्याच्याही पुढे गेला होता. आधी जो कोट 'लाल' एवढाच होता, त्यात आता दोन लाल दिसू लागले. त्या काळी साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठ वर्गातील वनस्पतीच्या मुळांच्या रंगात रंगवलेला, म्हणून किंचित विटकरी असे. अधिकाऱ्याचा कोट कोचिनील किड्यांपासून काढलेल्या रंगाचा, अधिक झळझळीत असे. हा फरक एकदा दिसला की तो न रंगवता पुढे जाववत नाही. शिकणे म्हणजे काम झटपट होणे एवढेच नव्हे, आधी न दिसणारे दिसू लागणे हेही आहे.

आता आपल्या प्रयोगवहीकडे वळू. साध्या लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ यावयास हवे, हे प्रयोगाला हात लावण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक असते. ९.३ आले तर काय होते? निरीक्षणांचा तक्ता उत्तराकडून मागे भरला जातो. ९.८ लिहिलेल्या वह्यांचे ढीग मी दरवर्षी तपासतो. ९.३ तसेच ठेवून 'दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली होती का?' असे विचारणारी वही क्वचितच हाती येते, आणि आली की मला आनंद होतो. यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा आहे. आपण गुण उत्तराला देतो, पाहण्याला देत नाही.

म्हणून छंदालाही गुण द्यावेत, असे काही शिक्षक सुचवतात. मला हे मान्य नाही. कार्यानुभवाचे काय झाले ते आठवा. श्रेणी आली, तसे दुकानांत तयार प्रकल्प विकत मिळू लागले. रंगाच्या थराला तुमची गुणपत्रिका ठाऊक नसते. तो जाड झाला की नाक बुजते, पातळ झाला की ओघळतो, आणि ते लपवून कोणाचाही फायदा होत नाही. खोटे लिहिण्याचे कारणच उरत नाही, हे बिनगुणांच्या छंदाचे सर्वांत मोठे बळ आहे.

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. मुलांच्या हाती युद्धाची खेळणी का द्यावीत? टेबलावर पडलेला शिपाई पुढच्या डावात उभा राहतो, खरा राहत नाही. वेल्सनेही आपल्या पुस्तकाच्या अखेरीस खरे युद्ध ही किती मोठी घोडचूक आहे हेच मांडले, आणि पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. तेव्हा हा छंद शांतता शिकवतो असा दावा मी करणार नाही. एक हिशेब मात्र सांगतो. वॉटर्लूला एका दिवसात चाळीस हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. दर रविवारी एक या वेगाने तेवढे शिपाई रंगवावयास सुमारे ७७० वर्षे लागतील. इतिहासाच्या पुस्तकात तो आकडा वाचून आपण पान उलटतो. एकेक चेहरा रंगवलेल्याला तो तितक्या सहज उलटता येत नाही.

हे परदेशी खोके महाग असतात, त्यांची मुळीच गरज नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे तुमच्या घरी असतीलच. एकाची उंची मोजा. ती ८५ मिलिमीटर असेल तर प्रमाण १:२० झाले. माती सच्छिद्र असल्याने रंगातील पाणी शोषून घेते, म्हणून आधी प्रायमरचा पातळ हात द्या आणि तो न देता काय होते तेही एका मावळ्यावर पाहा. ब्रश नायलॉनचा घ्या. मुंगसाच्या केसांच्या ब्रशांवर आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. फवाऱ्याचा प्रायमर वापरायचा तर उघड्या हवेत वापरा. शिशाचे जुने शिपाई मिळाले तर हाताळल्यावर हात धुवा. आणि ब्रशाला टोक आणण्यासाठी तो ओठांत कधीही धरू नका. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग देणाऱ्या तरुण मुली नेमके हेच करीत. त्यांना तसे शिकवलेले होते. त्यांतील अनेकींचे जबडे झिजले आणि कित्येकींचे प्राण गेले.

आठवड्याला एक तास पुरेल. तेवढ्याने दहावीचा अभ्यास बुडत नाही. शेजारी एक वही ठेवा. दिनांक, प्रमाण, लागलेला वेळ आणि जे दिसले ते लिहा. अनुमानाचा रकाना मात्र पाहून झाल्याशिवाय भरू नका.