लसीच्या यादीत सफाई कामगार आहे काय?

16 जानेवारी 2021 रोजी देशात कोरोनाची पहिली लस दिल्लीच्या एम्समधील एका सफाई कामगाराला टोचली गेली. छायाचित्रे झळकली! फ्लूच्या लसीची वेळ आली की ही आठवण पुसट होते. विषाणू रूप बदलतो, म्हणून ही लस दरवर्षी, कोकणात तर पावसाळ्यापूर्वीच हवी. पेण व रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांतील यादीत डॉक्टर-परिचारिकांबरोबर कंत्राटी सफाई कामगारही आहेत काय, हा आमचा सवाल आहे. रुग्णाची थुंकी पुसणारे हात बहुतेक आपल्याच वस्तीतले. लसीने अंग दुखेल, खाडा पडेल, रोज बुडेल, ही त्यांची भीती अज्ञान नव्हे, हिशेब आहे. नोटीस लावून ती जाणार नाही. पाळी संपताना वॉर्डातच मोफत लस आणि दुसऱ्या दिवशी भरपगारी रजा द्या.