गणवेश उतरल्यानंतरचे घर

नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब परिसरात 'बुंगा माई भागो' ही वास्तू आहे. १७०५ मध्ये मुक्तसरच्या रणभूमीवर शस्त्र हाती घेऊन लढलेली ही वीरांगना पुढे श्री गुरू गोविंदसिंहांच्या समवेत दक्षिणेत आली. गुरूंच्या निर्वाणानंतर बीदरजवळच्या जनवाडा येथे तिने उर्वरित आयुष्य साधनेत घालविले, असे परंपरा सांगते. लढणाऱ्या स्त्रीचा पराक्रम लढाईबरोबर संपत नाही. युद्धानंतर तिला निवारा आणि मान देणे हे समाजाचे कर्तव्य असते, हे त्या परंपरेने जाणले होते. ज्या भूमीवर ही स्मृती तीन शतके जपली गेली, त्या नांदेड-लातूरच्या भूमीनेच आज एका अवघड प्रश्नाला सामोरे जायला हवे. देशाच्या रक्षणासाठी गणवेश चढविणारी स्त्री घरी परतल्यावर तिच्यावर हात उगारला गेला, किंवा तिला उंबऱ्याबाहेर काढले गेले, तर तिने जायचे कोठे?

हा प्रश्न दूरचा नाही. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे आणि चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. या दोन्ही जिल्ह्यांतील शेतकरी घरांना सैन्याची आणि निमलष्करी दलांची नोकरी नवी नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलाची पहिली महिला बटालियन १९८६ मध्ये उभी राहिली. वैद्यकीय सेवेखेरीज अन्य शाखांत महिला अधिकाऱ्यांना सैन्याने १९९२ पासून प्रवेश दिला. २०२१ मध्ये सैन्य पोलीस दलात महिला जवानांची पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ युवती उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. अशी युवती गावी परतते तेव्हा मिरवणूक निघते, सत्कार होतो. ते उचितच आहे. परंतु सत्काराचा हार सुकल्यानंतरचे आयुष्य दीर्घ असते आणि त्या आयुष्याचा विचार समाजाने अद्याप पुरेसा केलेला नाही.

या विचाराची निकड कशामुळे, हे सेवेच्या नियमांवरून ध्यानी येते. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी सामान्यतः वीस वर्षांची सेवा लागते. अल्पसेवा आयोगातील महिला अधिकारी कमाल चौदा वर्षांनी निवृत्तिवेतनाविना बाहेर पडत. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी बबिता पुनिया प्रकरणात त्यांचा स्थायी आयोगाचा अधिकार मान्य केला. तत्पूर्वी बाहेर पडलेल्या अनेकजणींना मात्र आपला मार्ग आपणच शोधावा लागला. २०२२ च्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची असून कमाल पंचवीस टक्के जणांनाच पुढे नियमित सेवेत घेतले जाते. इतरांना सेवानिधी मिळतो. निवृत्तिवेतन आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतून निवृत्त झालेल्यांना २०१२ मध्ये स्वतंत्र ओळख देण्यात आली, तरी तेही 'माजी सैनिक' या व्याख्येत येत नाहीत. परिणामी, गणवेश घातलेल्या कितीतरी स्त्रिया जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या कक्षेबाहेर राहतात. पंचविशीच्या आत हाती एकरकमी पैसा घेऊन परतलेल्या मुलीच्या त्या रकमेवर घरातील कोणाकोणाची दृष्टी जाईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

वीरपत्नीची व्यथा याहून वेगळी नाही. तिला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन हा तिचा आधार असतो आणि तोच अनेकदा कलहाचे कारण होतो. पासबुक दिराकडे, एटीएम कार्ड सासऱ्याकडे आणि तिने तोंड उघडलेच तर माहेरचा रस्ता, असे चित्र जेथे दिसते तेथे हुतात्म्याच्या बलिदानाचाच अवमान होतो. शौर्यपदकाशी निगडित भत्ता पुनर्विवाहानंतरही मिळावा यासाठी मृत पतीच्या भावाशीच विवाह करण्याची अट होती. ती २०१७ मध्ये रद्द झाली, हे योग्यच झाले. स्त्रीचा सन्मान कोणा पुरुषाच्या नात्यावर टांगून ठेवणे आपल्या संस्कृतीला शोभणारे नव्हते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाणीबरोबरच शिवीगाळ, लैंगिक छळ आणि स्त्रीचा पैसा हिरावून घेणे हीसुद्धा या कायद्याने हिंसाच मानली आहे. मालकी कोणाचीही असो, एकत्रित घरात राहण्याचा अधिकार कलम १७ देते. घर सासऱ्याच्या नावे असले तरी ते एकत्रित घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले. विधवेलाही हे संरक्षण आहे. पती सैन्यात सेवेत असून पत्नीला वाऱ्यावर सोडत असेल, तर सेना अधिनियम १९५० च्या कलम ९० व ९१ नुसार त्याच्या वेतनातून तिच्या निर्वाहाची रक्कम कापता येते. ही तरतूद किती घरांना ठाऊक आहे?

कायदा घर मोडतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. गैरवापर होत असेल तर तो निंद्यच आहे. परंतु घर मोडते ते पहिल्या थपडेने, तक्रारीने नव्हे. कुटुंबव्यवस्था हा हिंदू समाजाचा कणा आहे, असे जे अभिमानाने सांगतात त्यांच्यावरच तो कणा निरोगी ठेवण्याचे दायित्व अधिक येते. शिस्तीत वाढलेली स्त्री आपले दुःख सहजी सांगत नाही. शत्रूसमोर न डगमगलेली घरात मार खाते, हे लोकांना कळले तर काय म्हणतील, हा संकोच तिचे ओठ शिवतो. अमेरिकेसारख्या प्रबळ देशातही माजी सैनिक महिलांमधील बेघरपणा हा गंभीर प्रश्न ठरला. तेथील माजी सैनिक विभागाला जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेसाठी स्वतंत्र साहाय्य कार्यक्रम चालवावा लागतो. तेथवर पोहोचण्याआधीच सावध होणे शहाणपणाचे.

उपाय आवाक्यातले आहेत. दोन्ही जिल्ह्यांची सैनिक कल्याण कार्यालये, संरक्षण अधिकारी आणि २०१५ पासूनच्या योजनेतील 'सखी' केंद्रे यांनी परस्परांशी कायम संपर्क ठेवावा. तक्रार ऐकण्यास महिला असावी आणि 'तू माजी सैनिक या व्याख्येत बसत नाहीस' असे सांगून कोणाला दारातून परत पाठवू नये. १८१ हा क्रमांक प्रत्येक वीरपत्नीच्या आणि गणवेशातील मुलीच्या घरी पोहोचावा. ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीत पत्नीचे नाव पतीसोबत लागावे, यासाठी गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा करावा. छप्पर हरपणे म्हणजे काय, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर किल्लारी परिसराला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. तेव्हा सारा देश मदतीला धावून आला होता. एकाच स्त्रीचे छप्पर हरपते तेव्हा मात्र शेजारसुद्धा दार लावून घेतो.

म्हणून विजयदिनी किंवा स्वातंत्र्यदिनी वीरपत्नीला साडीचोळी देऊन थांबू नये. वर्षातून चार वेळा तिच्या घरी जावे, तिचे बँक खाते कोण हाताळते हे आस्थेने विचारावे आणि तिला आश्रयाची गरज भासली तर आपल्या घराचे दार उघडावे. सीमेवर ती देशाच्या उंबऱ्याचे रक्षण करीत होती. तिच्या स्वतःच्या उंबऱ्याचे रक्षण करणे हे आता समाजाचे कर्तव्य आहे.